मुंबई-न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जायला साडेसोळा तास आणि यायला चौदा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. आई सदुसष्ट वर्षांची. नाशिकहून निघून पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला जाणार. ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. जाणं जानेवारीत, परत येणं एप्रिलमध्ये. नेटवर मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं आणि विमानाचा वेग ताशी नऊशे, म्हणजे भागाकार केला की चौदा तास. तिकिटावर मात्र मुंबईहून रात्री दीडला सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, म्हणजे सहाच तास. आणि एजंट म्हणतो, जायला साडेसोळा तास धरा, यायला चौदा. यातलं खरं काय, आणि रस्ता एकच असताना अडीच तासांचा फरक कसा, असं तुम्ही विचारलंय.

सगळे आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. फक्त 'रस्ता एकच असताना' हे तुमचं गृहीतक चुकलंय, त्याच्याकडे येतोच.

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचचं काम करतो. वैमानिक कॉकपिटमध्ये बसायच्या काही तास आधी जमिनीवर कुणीतरी ठरवत असतं की आज विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, आणि काही बिनसलं तर कुठे उतरेल. ते आमचं काम. आमच्या खोलीत 'अंतर किती' असं कुणी विचारत नाही. 'आज किती बसतंय?' असं विचारतात आणि उत्तर तासा-मिनिटांत येतं. कालचं उत्तर आज चालत नाही.

सहा तासांचं कोडं आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा नाशिकला संध्याकाळचे सहा झालेले असतात. रात्री दीड ते संध्याकाळी सहा, झाले साडेसोळा तास. परतीला उलट. दुपारी साडेबाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई असं लिहिलेलं असेल, म्हणजे घड्याळात साडेतेवीस तास. पण एप्रिलमध्ये तिथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचाच. साडेतेवीसातून साडेनऊ गेले, चौदा उरले. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. जाणं-येणं या तारखांच्या दोन बाजूंना असेल तर हा एक तास हमखास घोळ घालतो. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला तासभर आधी पोचून विमानतळाबाहेर चहा पीत बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यात मीही एकदा होतो, आणि हे माझं रोजचं काम आहे!

आता अंतर. नेटवर दिसणारे सुमारे १२,५४० किलोमीटर बरोबर आहेत. मुंबई आणि न्यूयॉर्कमधलं पृथ्वीच्या पाठीवरचं कमीत कमी अंतर तेवढंच. पण ती रेघ कुठून जाते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक प्रयोग करा. शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. शाळेतल्या फूटभर व्यासाच्या गोलावर दोराही साधारण फूटभरच लागतो. सुरुवातीला तो इकडेतिकडे सरकेल, पण घट्ट ओढलात की आपोआप वर चढून एका जागी स्थिर होईल. आता तो कुठून गेला बघा: कच्छ, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या अगदी जवळून रशिया, हेलसिंकीच्या आसपास, स्वीडन-नॉर्वे, जवळपास रेक्याविकच्या डोक्यावरून आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानाचं नाक या वाटेवर पश्चिमेला नसतं, ते वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेलं असतं.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच दोन शहरं पट्टीने जोडली तर रेघ सौदी, लिबिया, अल्जीरियावरून जाते. दिसायला ती सरळ. प्रत्यक्षात ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त. आईच्या सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान वर वर चढून बर्फाळ प्रदेशाकडे चाललेलं दिसेल, तेव्हा 'हे कुठे भरकटलं' असं तिला वाटू नये म्हणून हे आधीच दाखवून ठेवा. माझ्या सासूबाईंनी एअर होस्टेसला बोलावून विचारलं होतं.

मात्र दोऱ्याची वाट ही भूमितीची. विमानाला राजकारण असतं.

खालच्या देशाने परवानगी दिली तरच त्याच्या आकाशातून जाता येतं, आणि त्याचं भाडंही मोजावं लागतं. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं. ते पूर्णपणे उघडलं १६ जुलैला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेव्हापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. भारतीय कंपन्यांना तशी बंदी नव्हती. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. दोऱ्यावरचे देश आठवा, म्हणजे काय होतं ते कळेल. एका कंपनीला सुरुवातीचा तुकडा बंद, दुसरीला मधला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं एकाच मुंबईहून एकाच न्यूयॉर्कला जातात, पण हजार-हजार किलोमीटर वेगळ्या वाटांनी. यात मुंबईचं नशीब दिल्लीपेक्षा बरं. आपल्याला दारातच अरबी समुद्र आहे, तिथून पश्चिमेला निसटता येतं. पाकिस्तान बंद असलं की दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत येऊन मग वळावं लागतं. म्हणून २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला थांबू लागली.

तेव्हा एजंटच्या साडेसोळा तासांतला एक भाग असा: साडेबारा हजार किलोमीटर कागदावर, उडावे लागतात तेरा-साडेतेरा हजार, कधी त्याहून जास्त. नेमके किती, हे कोणत्या कंपनीचं तिकीट आणि त्या महिन्यात कुठलं आकाश बंद यावर. हे मी इथून सांगू शकत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

दुसरा भाग वाऱ्याचा. माझ्या कामातला हा सगळ्यात मजेचा भाग, म्हणून जरा पसरून सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाला न्यूयॉर्क स्वतःहून भेटायला यायला हवं, तिकडे लवकर पोचायला हवं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत तुम्ही ड्रायव्हरकडून मागच्या सीटपर्यंत चालत गेलात तर पावलं तेवढीच पडतात, एसटी कितीही जोरात धावत असली तरी. पण समजा त्या एसटीत कुणी मोठा पंखा लावलाय आणि तो मागून पुढे वारा सोडतोय, तर मागे जाताना तुम्हाला जोर लावावा लागेल आणि पुढे येताना तुम्ही ढकलले जाल. हा पंखा म्हणजे जेट स्ट्रीम. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर, म्हणजे नेमकं जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वाऱ्याचे पट्टे. खालची हवा विषुववृत्ताकडे गरम आणि ध्रुवाकडे थंड असते. या दोन्हींतला फरक जितका जास्त, तितका हा पट्टा जोरात. हा फरक हिवाळ्यात सर्वात मोठा, म्हणून आईच्या जानेवारीत ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरचा वारा मिळणं यात नवल काहीच नाही.

विमान हवेच्या तुलनेत एका ठरावीक वेगाने जातं. बोईंग ७८७ साधारण ध्वनीच्या वेगाच्या पंच्याऐंशी टक्क्यांनी उडतं, त्या उंचीवरच्या थंड हवेत ते ताशी नऊशे किलोमीटर भरतात. तुम्ही भागाकारात घेतलेले नऊशे ते हेच. पण आईला हवेच्या तुलनेत कुठेही जायचं नाहीये, जमिनीवर एडिसनला जायचंय. जमिनीच्या तुलनेत वेग म्हणजे नऊशे अधिक किंवा उणे वारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला चाललेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,२९० किलोमीटरच्या आसपास नोंदला गेला. ध्वनीपेक्षा जास्त वाटतो, पण त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. ते नेहमीसारखंच उडत होतं, हवाच त्याला घेऊन पळत होती.

वाऱ्यापुढे अंतर किती दुबळं ठरतं याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाने ही सेवा २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंडच फिरवलं आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. सुमारे १५,३०० किलोमीटर! चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी साधारण साडेचौदा तासांत पोचलं, अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. उडालेल्या अंतराच्या हिशेबाने ते त्या वेळचं जगातलं सर्वात लांब विनाथांबा उड्डाण ठरलं. भागाकार करून बघा, सरासरी ताशी साडेदहाशेच्या वर. आमच्या धंद्यात कुणी नवीन मुलगा 'सर, हा रूट तर लांब आहे' म्हणाला की मी त्याला हे उदाहरण देतो. लांब कशात, किलोमीटरमध्ये की मिनिटांत?

मग मुंबईहून न्यूयॉर्कलाही पूर्वेकडून का नेत नाहीत? कारण पॅसिफिकची बाजू तिथे फारच लांब पडते. सॅन फ्रान्सिस्को जगाच्या जवळजवळ त्या टोकाला आहे, दोन्हीकडून थोडंफार सारखंच. न्यूयॉर्क अलीकडे आहे.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू. समजा वाट १३,३०० किलोमीटरची आणि पूर्ण प्रवासात सरासरी वारा फक्त ताशी पन्नास. सरासरी एवढीच धरतोय, कारण वाटेत कुठे वारा जोराचा असतो, कुठे आडवा, कुठे नसतोच. विमानाचे नऊशे नेमके मोजले तर ९०३. जाताना वारा समोरून, म्हणजे जमिनीवरचा वेग ८५३. भागाकार पंधरा तास पस्तीस मिनिटं. येताना पाठीमागून, वेग ९५३, भागाकार जवळजवळ चौदा तास. वारा अजिबात नसता तर दोन्हीकडे पावणेपंधरा. एक गंमत दिसली का? समोरच्या वाऱ्याने बावन्न मिनिटं खाल्ली आणि पाठीच्या वाऱ्याने सेहेचाळीसच परत दिली. वारा उधारी कधीच पूर्ण फेडत नाही. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं, पाठीच्या वाऱ्यातून मात्र लवकर बाहेर येतं.

वाटही दोन्ही दिशांना एक नसते, हे सुरुवातीला म्हणालो होतो. अमेरिकेला जाताना आम्ही वाऱ्याचा पट्टा चुकवायला बघतो आणि ग्रीनलंडच्या बाजूने वरून जातो. येताना त्याच पट्ट्याच्या पोटात शिरतो. उत्तर अटलांटिकवर विमानांसाठी आकाशात रांगा आखलेल्या असतात, त्या वाऱ्याप्रमाणे दिवसातून दोनदा बदलतात: एकदा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, एकदा पूर्वेला येणाऱ्यांसाठी. कालची रांग आज दोनशे किलोमीटर दक्षिणेला असू शकते. म्हणून आईच्या विमानाची वाट आज शोधत बसू नका. ती त्या रात्री, सुटायच्या काही तास आधी ठरेल.

या पंधरा तास पस्तीस मिनिटांत जमिनीवरची वेळ मिळवायची. तिकिटावरची वेळ दारापासून दारापर्यंतची असते: विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून, समोरच्या गेटवर चाकांना अडसर लागला तिथपर्यंत. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत रात्री एक-दोनला परदेशी विमानांची झुंबड असते आणि धावपट्ट्या दोन असल्या तरी एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. न्यूयॉर्कला उतरतानाही घिरट्या घालाव्या लागू शकतात. त्यात कंपनी थोडी उशी ठेवते, कारण उशिरा पोचल्याची बोंब होते, लवकर पोचल्याची होत नाही. हे सगळं मिळून सोळा, सव्वासोळा, साडेसोळा. म्हणजे एजंट थापा मारत नव्हता. आणि म्हणूनच वैमानिक कधी कधी 'आपण चाळीस मिनिटं लवकर पोचतोय' असं सांगतो. विमान पळालेलं नसतं, उशी वापरली गेली नाही एवढंच.

'मग वैमानिकाने जरा वेग वाढवावा की', असं तुमच्या दुसऱ्या ओळीत आहे. वाढवता येतो, अगदी थोडा, आणि महागात. मोठं ट्रिपल सेव्हन, म्हणजे बोईंग ७७७, तासाला सात-आठ टन इंधन पितं. उशीर भरून काढायला थोडा वेग वाढवला तर पंधरा तासांत दहा-वीस मिनिटं हाती लागतात, इंधन मात्र कितीतरी जास्त जातं. आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. इतक्या लांबच्या प्रवासात दहा टन जास्तीचं भरलं तर त्यातलं चारेक टन नुसतं ते ओझं वाहण्यातच जळतं. पोचल्यावर हातात उरतं सहा.

हे गणित मला मे २०१९ मध्ये फार जवळून दिसलं. पाकिस्तानचं आकाश बंद होतं. मुंबईहून अमेरिकेला जायचं विमान, वाट लांबलेली, त्यात मुंबईतली मे महिन्याची गरम, पातळ हवा. अशा हवेत विमानाला फार वजन घेऊन उडता येत नाही. प्लॅन काढला तर नेहमीपेक्षा चाळीस मिनिटं जास्त, म्हणजे जायचं-वाहायचं धरून सहा-सात टन जादा इंधन. उड्डाणाच्या कमाल वजनाची रेघ तर ठरलेली. इंधन आत आलं की दुसरं काहीतरी बाहेर जाणार. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा उतरवायच्या नाहीत हे आधीच ठरलं. राहिला माल, आणि त्या रात्री माल म्हणजे वाशीहून आलेला हापूस. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते, तुमच्याकडे लासलगावला त्याचं केंद्र आहेच. ती करून, शिक्के मारून, पेट्या पॅलेटवर चढलेल्या. मी लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यांना, फोन केला, त्यांनी पॅलेट खाली घेतले. मध्यरात्री कार्गोच्या माणसाचा फोन: 'साहेब, वास येतोय हो इथपर्यंत. उद्या जाईल ना?' दुसऱ्या दिवशीही तेच गणित आलं. तिसऱ्या दिवशी अर्ध्या पेट्या गेल्या. उरलेल्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. नकाशावरचा एक देश ओलांडता आला नाही म्हणून साडेबारा हजार किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी आमरसाची वाट लागली.

असो. तुमच्या आईकडे वळतो, कारण खरा प्रश्न तोच आहे: ती किती तास बसून राहणार आणि कुठे अडकणार.

थांबा घेतला तर अंतर खूप वाढेल अशी भीती तुम्ही व्यक्त केलीत. उलट बघा. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, लंडन-न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,७४०. थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे जास्त, कारण लंडन आपल्या दोऱ्यापासून फार दूर नाही. दुबईमार्गे मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या थोडं वर, बेरीज तेरा हजारांच्या आत. दुबईमार्गे चारशे किलोमीटर जास्त म्हणजे हवेत अर्धा तास. वेळ जातो तो जमिनीवर: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबचं गेट शोधणं, दोन-चार तासांची वाट, पुन्हा चढणं-उतरणं. थांब्याचा प्रवास सहसा वीस-बावीस तासांचा होतो. स्वस्त तिकीट बघताना मधलं शहर दोऱ्याजवळ आहे ना ते तेवढं बघा. सिंगापूरमार्गे न्यूयॉर्क म्हणजे आधी चार हजार किलोमीटर पूर्वेला जायचं आणि मग सिंगापूरहून पंधरा हजारांवरचं, साडेअठरा तासांच्या आसपासचं उड्डाण. एका आजोबांना मुलाने सहा हजार रुपये वाचवायला असं तिकीट काढून दिल्याचं मी पाहिलंय.

थेट की थांबा, याचं एकच उत्तर नाही. आई एका जागी तासन्तास बसू शकत असेल, इंग्रजी बोलायचा संकोच असेल, मोठ्या विमानतळावर बावरत असेल, तर थेट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. गुडघे धरत असतील, पाय सुजत असतील, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काहींना मध्ये तीन तास चालणं-फिरणं मानवतं. माझ्या आईला मी दुबईमार्गे पाठवलं होतं, व्हीलचेअर सांगून, आणि तो निर्णय बरोबर ठरला. बायकोच्या आईला थेट पाठवलं. तिच्याबद्दल वर सांगितलंच.

तिकीट काढताना 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे शब्द नीट वाचा. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक तोच, पण मध्ये ते एखाद्या शहरात उतरू शकतं. एजंट दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. 'स्टॉप किती?' असं स्पष्ट विचारा.

आणखी एक. ताई एडिसनला आहे ना, मग न्यूयॉर्कच्या जेएफकेऐवजी न्यूअर्कचा पर्याय मिळतो का बघा. आकाशात दोन्ही विमानतळांमध्ये तीस-पस्तीस किलोमीटरचाच फरक, उड्डाणाच्या वेळेत काही फरक नाही. पण जेएफकेहून एडिसन म्हणजे आख्खं न्यूयॉर्क ओलांडायचं, ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास सहज. न्यूअर्कहून अर्धा-पाऊण तास. साडेसोळा तासांच्या प्रवासानंतर आईसाठी हा तास विमानातल्या तासापेक्षा मोठा असेल.

आता घर ते घर मोजू. नाशिक ते मुंबई विमानतळ, इगतपुरी-कसाऱ्याचा घाट आणि भिवंडीचा ट्रॅफिक धरून पाच तास. विमानतळावर सुटण्याआधी साडेतीन तास. उड्डाण साडेसोळा. तिकडे इमिग्रेशन आणि बॅगा दीड ते दोन तास. गाडी एक तास. अठ्ठावीस तास झाले. आईला 'सोळा तासांचा प्रवास' असं सांगू नका, 'संध्याकाळी पाचला नाशिकहून निघशील आणि दुसऱ्या दिवशी आपल्या रात्री साडेआठ-नऊला ताईच्या घरी असशील' असं सांगा. तिच्या डोक्यात दिवस आणि जेवणं आहेत, किलोमीटर नाहीत.

गोळ्यांचंही तसंच. रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना जाताना विचारा की 'गेल्या डोसनंतर किती तासांनी पुढचा', घड्याळाच्या वेळा विचारू नका. सकाळी आठची गोळी न्यूयॉर्कच्या सकाळी आठला घेतली तर मध्ये साडेचौतीस तासांची फट पडते. तिच्या मनगटावरचं घड्याळ न्यूअर्कला उतरेपर्यंत नाशिकच्याच वेळेवर राहू द्या. विमानात दोनदा दिवस मावळल्यासारखं वाटतं, खिडक्या बंद करून अंधार करतात, तेव्हा हातातलं ते एक घड्याळच खरं बोलतं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. चेक-इन बॅगेत नकोत.

आईच्या विमानाची नेमकी वेळ विमान कंपनीच्या हिवाळी वेळापत्रकात असेल, ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. परतीची वेळ उन्हाळी वेळापत्रकातली, ते मार्चच्या शेवटच्या रविवारपासून. तुम्ही आज बघताय ती एप्रिलची वेळ बदलू शकते. तेव्हा परतीच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा आणि मुंबईला आणायला जाणाऱ्या गाडीवाल्यालाही नवी वेळ कळवा, नाहीतर तो माझ्यासारखा तासभर आधी पोचून चहा पीत बसेल.